ज्या वर्षी लाल ओळ दिसली नाही

मित्रांनो, तुमच्याशी बोलतोय तो मी एक जुना कॉम्प्युटर. माझा पडदा काढून दुसऱ्या कोणाला दिला आहे, माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे आणि मला एका मोडक्या खुर्चीवर बसवलं आहे. खुर्चीचा एक पाय गेलेला आहे. गंमत बघा, ही कार्यशाळा पाय बनवणारी. माणसांसाठी इथे आजवर हजारो पाय बनले, पण या खुर्चीच्या पायाकडे बघायला कोणाला सवड झाली नाही. उद्या सकाळी भंगारवाला येणार, असं झाडूवाल्या मावशी म्हणत होत्या. तो यायच्या आत मला एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचं आहे.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका लहानशा दुकानात एका चष्मेवाल्या माणसाने निरनिराळ्या खोक्यांतून भाग काढून मला जोडलं. शेवटी पाठीचा एक स्क्रू त्याला काही केल्या सापडेना. त्याने तीनच लावले, मला दोन थापट्या मारल्या आणि म्हणाला, "चालतंय."

मी खरंच चाललो. अकरा वर्षं चाललो.

मला आणलं ते या कार्यशाळेत. ज्यांचा पाय अपघातात गेला, आजारात गेला किंवा जन्मापासूनच नव्हता, त्यांच्यासाठी इथे पाय बनवतात. पुढच्या खोलीत नोंदणीचं टेबल, त्यावर मी. मधल्या खोलीत भट्टी, साचे, कानशी, आणि सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ. शेवटच्या लांब खोलीत दोन समांतर दांड्या आणि समोर भिंतभर आरसा. नवा पाय लावलेलं माणूस त्या दांड्या धरून पहिलं पाऊल टाकायचं आणि आरशात स्वतःला बघायचं. कोणी रडायचं, कोणी हसायचं, आणि एका म्हाताऱ्या शिक्षकांनी तर स्वतःलाच 'शाबास' म्हटलं होतं.

इथले मुख्य कारागीर म्हणजे पायवाले काका. त्यांना दुसरं नाव असेलच, पण ते कोणाच्या तोंडी नव्हतं. उरलेल्या पायाभोवती ते ओलं प्लॅस्टर गुंडाळायचे, त्याचा साचा काढायचे, भट्टीत मऊ केलेलं प्लॅस्टिक साच्यावर ओढायचे, आणि मग चार-चार तास घासत बसायचे. साच्यातून निघालेला पाय जसाच्या तसा कोणाला बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मोठ्या माणसाचा पाय एकदा बनवला की काही वर्षं निभतो. मुलांचं तसं नसतं. मूल वाढतं, पण प्लॅस्टिकचा पाय काही वाढत नाही. पाच-सहा महिन्यांनी माप घेतलं नाही, तर तो पाय आखूड पडतो, आतून टोचतो, आणि मूल वाकडं चालायला लागतं. म्हणून काकांनी एक जाड वही ठेवली होती. दर शनिवारी ते जेवण झाल्यावर पानं उलटायचे, बोटाने नावं शोधायचे आणि एकेका घरी फोन लावायचे. "पोराला घेऊन या बरं का. उंच झाला असेल आता." वहीच्या प्रत्येक पानावर त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे होते.

मुलं वाढत गेली आणि मुलांची संख्याही. शंभराची दोनशे झाली. काका साठीला आले. एकदा त्यांच्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली आणि एका मुलाला दोन महिने उशिरा बोलावणं गेलं. फार काही बिघडलं नाही, पण काकांनी त्याच रात्री सगळी वही पहिल्या पानापासून पुन्हा तपासली.

तेव्हा ताई मनावर घेऊन उभी राहिली.

ताई म्हणजे नोंदणीच्या टेबलावर बसणारी, माझ्यावर काम करणारी. ती इंजिनिअर नव्हती. फॉर्म भरायचे आणि पेशंटला पाणी विचारायचं, एवढंच तिचं काम. पण डोकं तल्लख. कुठूनतरी तिला एका सॉफ्टवेअरची माहिती मिळाली. त्याला आधी सगळी माहिती कशी साठवायची आहे ते सांगायचं: एक तक्ता पेशंटचा, एक मापांचा, एक पायांचा, एक भेटींचा, आणि कुठल्या पेशंटची कुठली मापं ते जोडणारा धागा. एवढं सांगून बटण दाबलं, की ते सॉफ्टवेअर स्वतःच हजारो ओळींचा कोड लिहून द्यायचं. कॉम्प्युटरवर उघडायची पानंही तयार आणि मोबाईलचं ॲपही तयार. पहिल्यांदा तिने बटण दाबलं तेव्हा माझा पंखा असा घुरघुरला, की मावशी झाडू टाकून बाहेर पळाल्या.

काका हात पुसत येऊन उभे राहिले. पडद्यावर एकामागून एक फाईली तयार होत होत्या. ते बघून म्हणाले, "म्हणजे तुझाही साचाच की गं!"

"साचाच, काका. पण तुम्ही घासता ना नंतर? तसं मलाही थोडं हाताने करावं लागणार."

ते हाताने केलेलं काम म्हणजे बेचाळीस ओळी. तीन आठवडे ती त्या ओळींशी झगडत होती. पुस्तक मांडीवर, पेन्सिल अंबाड्यात खोचलेली. त्या ओळी रोज सकाळी दहा वाजता जाग्या व्हायच्या. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं शेवटचं माप कधी घेतलं ते तपासायच्या. पाच महिने उलटले असतील तर घरी मेसेज पाठवायच्या, आणि माझ्या पहिल्या पानावर त्या मुलाच्या नावाची एक लाल ओळ उमटवायच्या. मूल येऊन माप देऊन गेलं, की ओळ पुसली जायची.

मित्रांनो, इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. ताईने त्या ओळी सॉफ्टवेअरने तयार केलेल्या फाईलीच्या मधोमध लिहिल्या होत्या. हाताने लिहिलेल्या कोडसाठी त्या सॉफ्टवेअरने वेगळी जागा ठेवलेली असते, हे तिला बऱ्याच नंतर कळलं. कळल्यावर ती म्हणाली, "हलवायला हव्यात एकदा." पण काम चोख चाललं होतं, समोर माणसांची रांग होती, आणि चालत्या गाड्याला कोण खीळ घालतो? आज करू, उद्या करू, करत ते राहून गेलं.

पुढची चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची. काका मधल्या खोलीतूनच मोबाईलवर मापं भरायचे. दुसऱ्या कार्यशाळांतली माणसं मला बघायला यायची. आमचे व्यवस्थापक साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून कौतुकाने सगळं दाखवायचे, पण ताईची पाठ वळली की हळूच म्हणायचे, "बटण दाबलं की होतं हो सगळं. त्यात काय एवढं!"

आणि एका शनिवारी ताईने काकांच्या हातातून ती जाड वही काढून घेतली. "काका, आता बस झालं. डोळे फोडून घेऊ नका. हा आहे ना," असं म्हणून तिने माझ्यावर हात ठेवला. काकांनी वही कपाटात ठेवली. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांत एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिचा उजवा पाय जन्मापासून गुडघ्याखाली नव्हता. सहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा आली. नवा पाय लावून दांड्यांमधून तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीला दांड्या सोडून नव्या पायावर गर्रकन फिरली. तिच्या आईची किंकाळी फुटली आणि काकांना हसू आवरेना. तेव्हापासून प्रत्येक नव्या पायाची परीक्षा अशीच व्हायची. फिरली तर पाय पास.

तिची आई लोकांचे कपडे शिवायची. घरापासून इथे यायचं म्हणजे दोन बस बदलायच्या आणि एक दिवसाचं काम बुडवायचं. एकदा ती न बोलावता आली. माप घेतलं तर बोटभरही फरक नव्हता. काकांना तिची दया आली. ते म्हणाले, "उगाच हेलपाटा झाला की तुम्हाला. आता मेसेज आला की या. तोवर निर्धास्त राहा."

किती मायेने म्हणाले होते ते. तेच पुढे आमच्या गळ्याशी आलं.

भिंगरी दहा वर्षांची असताना ताईच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. घरात करणारं दुसरं कोणी नव्हतं. ताईने लांबची रजा घेतली. निघताना साहेबांना सांगून गेली, "यात काही बदल करायचा झाला तर आधी मला एक फोन करा." साहेब म्हणाले, "हो हो, तू निश्चिंत जा. वडिलांकडे बघ."

तीन महिन्यांनी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं, की प्रत्येक पेशंटचा दुसरा फोन नंबरही नोंदवा. पेशंटच्या तक्त्यात फक्त एक रकाना वाढवायचा होता. साहेबांनी ताईला फोन करायला मोबाईल उचललाही होता. पण मग खाली ठेवला. स्वतःशीच म्हणाले, "तिकडे बिचारी बापाच्या उशाशी बसलेली. कशाला त्रास द्यायचा?" आणि त्यांनी बाहेरून एका इंजिनिअरला बोलावलं.

तो माणूस वाईट नव्हता. कामात हुशार, बोलायला नम्र. माझ्यावरची धूळ त्याने स्वतःच्या रुमालाने पुसली. रकाना वाढवला आणि बटण दाबण्याआधी साहेबांना विचारलंही, "यात कोणी हाताने काही लिहिलंय का?"

साहेब म्हणाले, "छे हो. सगळं बटणावरचंच काम आहे."

त्याने बटण दाबलं. सॉफ्टवेअरने पडद्यावर प्रश्न टाकला: काही फाईली बदललेल्या दिसतात, त्यांच्यावर नव्या लिहायच्या का? त्याने 'होय, सगळ्या' निवडलं. माझा पंखा घुरघुरला. मिनिटभरात नवीन पानं तयार. दुसऱ्या फोन नंबरचा रकाना जिथल्या तिथे. आणि बेचाळीस ओळी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळचे दहा वाजले आणि काहीच झालं नाही. पहिलं पान कोरं होतं. साहेब माझ्यासमोर चहा घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा! किती स्वच्छ दिसतंय आता!"

मित्रांनो, भट्टी बिघडली तर धूर येतो. नळ बिघडला तर पाणी गळतं. पण आठवण करून देणारं यंत्र बिघडलं तर नुसती शांतता होते, आणि शांततेबद्दल कोणी तक्रार करत नाही. भिंगरीची जन्मतारीख माझ्या पोटात होती. तिचं शेवटचं माप, त्याची तारीख, तिच्या आईचा नंबर, सगळं होतं. पाच महिने झाले, सहा झाले, आठ झाले. मला सगळं ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय मी बोलू शकत नव्हतो, आणि मला विचारणाऱ्या त्या ओळीच आता नव्हत्या. काकांना वाटत होतं, मुलं कमी येताहेत म्हणजे परीक्षांचे दिवस असतील. वही कपाटात होती. तिकडे साठ-सत्तर घरांत मेसेजची वाट बघत माणसं निर्धास्त बसली होती.

वडील गेल्यावर ताई परत आली. चेहरा उतरलेला, केस पुढून पांढरे झालेले. टेबलाशी बसली, मला सुरू केलं, पहिलं पान उघडलं, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या ओठांवर हसू आलं. मधल्या खोलीकडे वळून म्हणाली, "काका, एकही लाल ओळ नाही! मी नसताना सगळ्यांना वेळेवर बोलावलंत की!"

"मी कुठं?" काका भट्टीपाशी होते, ते तिथूनच ओरडले. "तुझं यंत्रच बघतंय सगळं."

भट्टीचा आवाज मोठा होता. तिला नीट ऐकू गेलं नाही. ती नुसती हसली.

ताई कामावर आल्याच्या अकराव्या दिवशी भिंगरीची आई मुलीला घेऊन आली. मेसेज आला म्हणून नव्हे. शाळेतल्या बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली म्हणून. ताईने वर बघितलं. मुलगी कितीतरी उंच झाली होती, आणि दारातून टेबलापर्यंत येताना प्रत्येक पावलाला उजवीकडे खचत होती. काकांनी पाय उतरवून हातात घेतला. तळाला रबरी चपलेचे दोन तुकडे, एकावर एक, चिकटवलेले होते. आत उरलेल्या पायाला घट्टे पडून जखम चिघळली होती.

"हे कोणी लावलं?" काकांनी विचारलं.

"मीच," भिंगरी म्हणाली. "पाय कमी पडायला लागला ना. आधी एकच तुकडा लावला होता. मग तोही पुरेना."

"अगो, मग आलीस का नाहीस?"

तिची आई म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, मेसेज आला की या. मी रोज फोन बघत होते. मेसेज नाही म्हणजे पाय अजून बरोबर आहे, असं वाटलं आम्हाला. हिला म्हटलंसुद्धा, तूच नीट चालत नाहीस."

ताई तडक उठली. माझ्यासमोर येऊन बसली आणि ती फाईल उघडली. जिथे तिच्या बेचाळीस ओळी होत्या, तिथे सॉफ्टवेअरच्या सहा साध्या ओळी होत्या. तिने पान वर नेलं, खाली नेलं, पुन्हा वर नेलं. मग तिचा हात माझ्या कळफलकावर तसाच पडून राहिला. 

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मुलीच्या पाठीचा कणा कलला आहे. नवा पाय, पट्टा, व्यायाम यांनी बराच सुधारेल. पूर्ण सरळ होईल असं मात्र नाही.

साहेबांनी ताईला बाजूला घेतलं. "झालं ते झालं. आता त्या बाईला हे सगळं सांगायची काय गरज आहे? वाढत्या वयात होतं असं. कार्यशाळेचं नाव खराब होईल."

"साहेब, तिची आई तिलाच दोष देतेय," ताई म्हणाली. "नीट चालत नाहीस म्हणून."

ती आरशाच्या खोलीत गेली. बाकावर भिंगरीच्या आईशेजारी बसली आणि सगळं सांगितलं. ओळी कुठे लिहिल्या होत्या, हलवायच्या कशा राहिल्या, कशा पुसल्या गेल्या. इंजिनिअरचं नाव घेतलं नाही, साहेबांचंही नाही. "चूक माझी आहे, वहिनी. हिची नाही आणि तुमचीही नाही."

तिची आई बराच वेळ पदराचा काठ बोटांनी उसवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत, तुमचं मन हलकं झालं. आता मी हिला काय सांगू, ते सांगा."



त्या दिवसापासून आठवडाभर ताईने सगळ्या घरी स्वतः फोन केले. बरीचशी मुलं लगोलग आली आणि वेळेत सावरली. एका मुलाने पाय कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घेतल्या होत्या. तो परत काही आला नाही. काकांनी कपाटातून वही काढली. ताईकडे न बघता नवीन पान उघडलं आणि नावं लिहू लागले. ते बघणं तिला सगळ्यांत जास्त लागलं.

भिंगरीचा नवा पाय काकांनी जीव ओतून घडवला. ती दांड्या धरून तीन फेऱ्या चालली. चौथ्या फेरीला काका श्वास रोखून उभे होते. तिने आरशात बघितलं, कलती कंबर हाताने सावरली, आणि हळूच बाकावर जाऊन बसली.

ताईने त्या ओळी पुन्हा लिहिल्या, या वेळी वेगळ्या, राखीव जागेत. शिवाय आणखी एक ओळ वाढवली. त्या दिवसापासून मी रोज सकाळी काही नसलं तरी बोलायचो: 'मी तपासलं आहे. आज कोणाचं माप राहिलेलं नाही.' ज्या दिवशी हे वाक्य दिसणार नाही, त्या दिवशी मी बिघडलो असं समजायचं. इतकी साधी गोष्ट. पण ती सुचायला एका मुलीची पाठ वाकावी लागली.

मेसेज पुन्हा जाऊ लागले. भिंगरीच्या घरीही जायचे, अगदी दिवस न चुकता. पण मित्रांनो, तिच्या आईला त्या मेसेजची गरज कधीच पडली नाही. पुढची पाच वर्षं ती दर चार महिन्यांनी, कोणी न बोलावता, दोन बस बदलून, मुलीचा हात धरून हजर व्हायची. कधी फरक असायचा, कधी बोटभरही नसायचा. "उगाच हेलपाटा झाला," असं म्हणायची आता कोणाची हिंमत नव्हती. ताई उठून पाणी द्यायची. ती प्यायची, भांडं खाली ठेवायची आणि विचारायची, "काका आहेत ना? त्यांच्याच हाताने माप घ्या." माझ्याकडे ती चुकूनही बघत नसे.

परवा भिंगरीला सोळा वर्षं पूर्ण झाली. ती आता मुलांच्या यादीत नाही. काल माझ्यातली सगळी माहिती नव्या कॉम्प्युटरवर नेली आणि ताईने मला शेवटचं बंद केलं. बंद करण्याआधी तिने रोजच्यासारखं पहिलं पान वाचलं, एकदा नव्हे, दोनदा.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठं होऊन असे प्रोग्राम करेल. बटण दाबून हजार ओळी मिळतील. त्या खुशाल घ्या. पण कोणाच्या हातच्या चार ओळी मध्ये असतील तर त्या आधी शोधा. शोधूनही सापडल्या नाहीत, तर ज्याने लिहिल्या त्याला फोन करा, मग तो कितीही दुःखात असो. आणि कोणतंही यंत्र फार दिवस गप्प असेल, तर ते ठीक आहे असं धरून चालू नका. मुलांचंही तसंच. जवळ जाऊन विचारा. मला कोणी विचारलं असतं, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. मला सगळं माहीत होतं.